खडी आणि खूर : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त रूळवाल्याची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो, की रेल्वेच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला झोपेतून जितकं माणसांनी उठवलं त्याहून जास्त गुरांनी उठवलं. रात्री दोनला फोन वाजायचा आणि पलीकडून कंट्रोलवाला 'रामराम'सुद्धा न म्हणता सांगायचा, "सीआरओ, ३२४ बटा सहा." सीआरओ म्हणजे कॅटल रन ओव्हर, गाडीखाली जनावर; पुढचा आकडा किलोमीटरच्या खांबाचा. मग मुकादमाला उठवायचं, बॅटऱ्या, दोर, पहारी घ्यायच्या आणि चालू पडायचं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादक म्हणाले, या वेळचं सदर गुरांनाच देऊन टाका. दिलं.

प्रश्न : आमचं शेत डहाणू तालुक्यात रेल्वेलाइनला लागून आहे. वंदे भारत सुरू झाल्यावर लाइनीच्या कडेनं हायवेसारखी लोखंडी पट्टी बसवली. गाई-म्हशी अडल्या हे खरं, पण बकऱ्या खालून बिनधास्त जातात. गाईंना पलीकडच्या चराईवर न्यायला आता दोन किलोमीटरचा वळसा पडतो. पोरं कंटाळून एका ठिकाणचे नटबोल्ट काढतात, रेल्वेची माणसं येऊन पुन्हा लावतात. हा खेळ किती दिवस चालायचा? रेल्वेनं कुंपण आमच्यासाठी घातलं की गाडीसाठी?

उत्तर : भाऊ, सरळ सांगतो. गाडीसाठी.

ही पट्टी का आली ते आठवा. ३० सप्टेंबर २०२२ ला मुंबई सेंट्रल ते गांधीनगर वंदे भारतला झेंडा दाखवला. ६ ऑक्टोबरला, म्हणजे आठवडाही उलटला नव्हता तोच, अहमदाबादच्या अलीकडे वटवा आणि मणिनगर या स्टेशनांच्या मधे ती म्हशींच्या कळपावर गेली. दुसऱ्याच दिवशी आणंदजवळ गाय. महिना सरायच्या आत, २९ तारखेला, वलसाडजवळच्या अतुल स्टेशनापाशी बैल. नाक तुटलेल्या गाडीचा फोटो घरोघरी मोबाइलवर फिरला. आता त्या गाडीचं नाक फायबरचं असतं, ठोकर बसली की तुटावं आणि डेपोत नवं बसवावं याच बेतानं केलेलं. पण फोटोला हे कुठे माहीत? त्याच लाइनीवर त्याआधी कित्येक वर्षं साध्या एक्स्प्रेस गाड्यांखाली गुरं जातच होती. त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत. नव्या गाडीचं नाक तुटलं तेव्हा पैसे निघाले. पश्चिम रेल्वेनं मुंबई-अहमदाबाद मार्गावर सुमारे ६२० किलोमीटरचं कुंपण घातलं, खर्च अडीचशे कोटींच्या घरात.

तुम्ही म्हणता ती पट्टी इंग्रजी 'डब्ल्यू'सारखी दुमडलेली असते. ती निवडली ते शहाणपणानंच. आमच्या काळात सिमेंटचे खांब आणि काटेरी तार असायची. तार किती दिवस टिकायची ते विचारू नका. लाइनीजवळच्या कुठल्याही गावात परसातले दोडक्या-कारल्याचे मांडव बघा, आमची तार तिथे सापडायची. खांबांचं लोखंड काढायला लोक खांब फोडायचे. भिंत बांधावी तर पावसाचं पाणी अडतं आणि भराव फुगतो. रूळवाल्याला गुरापेक्षा तुंबलेल्या पाण्याची भीती जास्त. पट्टीचं तसं नाही. ती पाणी अडवत नाही, चोरून न्यायला जड, आणि म्हैस अंग घासायला टेकली तरी उभी राहते. फक्त ती म्हशीच्या छातीचा अंदाज धरून बसवलेली आहे. बकरीला ती कमान वाटत असणार.

आता तुमच्या नटबोल्टांकडे येतो. तिथे मी तुमच्या पोरांच्या बाजूचा नाही. सलग कुंपणात एकच फट असेल तर ती कुंपण नसण्यापेक्षा वाईट. का ते ऐका. मोकळ्या लाइनीवर गाडीचा भोंगा ऐकून बिथरलेली गाय बाजूला पळायला मोकळी असते. फटीतून आत शिरलेली गाय मात्र दोन पट्ट्यांच्या मधल्या गल्लीत सापडते. आपण आलो ती फट तिला घाईत सापडत नाही, मग ती रुळांच्या मधून सरळ पुढे धावते, गाडी ज्या दिशेनं जाते त्याच दिशेनं. कटिंगमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना कापलेल्या डोंगराच्या खोबणीत, हेच होतं. एकदा एका कटिंगमध्ये आम्हाला एका ओळीत सात जनावरं मिळाली होती, जवळपास अर्ध्या किलोमीटरच्या अंतरात. कळप पुढे पळत होता आणि गाडी मागून एकेकाला गाठत होती. तेव्हापासून मी चावीवाल्याला, म्हणजे रोज सकाळी हातात हातोडा घेऊन लाइन चालत तपासणाऱ्या आमच्या माणसाला सांगून ठेवलं होतं : ढिली चावी (रूळ जागेवर आवळून धरणारी लोखंडी पाचर) दिसली तर ठोक आणि कुंपणात भोक दिसलं तर त्याच दिवशी मला सांग.

पण तुमचा मूळ प्रश्न फटीचा नाहीच, तो वळशाचा आहे. तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूचा.

खानदेशातल्या माझ्या एका सेक्शनवर (गावाचं नाव राहू द्या) तार दर वर्षी तुटायची आणि दर वर्षी त्याच जागी. आम्ही जोडायचो, आठ दिवसांत पुन्हा तुटायची. मी नवा होतो, दोनदा गावात जाऊन दम भरून आलो. तिसऱ्यांदा एका म्हाताऱ्या गुराख्यानं मला हाताला धरून त्या तुटक्या तारेपाशी उभं केलं आणि म्हणाला, "सायेब, इथून बघा." गावाकडून एक जुनी पाणंद सरळ येत होती, दोन्ही बाजूला बोरीबाभळी, बैलगाडीच्या चाकोऱ्या. लाइनीच्या भरावाशी ती थांबत होती आणि भरावाच्या पलीकडे तीच पाणंद, त्याच रेषेत, नदीकडे चालू लागत होती. मधे आम्ही येऊन बसलो होतो. गुरं पाण्याला जायची तर याच वाटेनं जाणार. मी कितीही तार लावली तरी ती तुटणारच होती.

त्या जागेपासून दीडेकशे पावलांवर एक मोरी होती, नाल्याची. एका गाळ्याची, गाळानं अर्धी बुजलेली. पावसाळ्याआधी मोऱ्या साफ करणं हे आमच्या गँगचं दर वर्षीचं कामच. त्या वर्षी मी गाळ तळापर्यंत काढायला लावला, दोन्ही तोंडांना उतार काढला, तळाला मुरूम टाकून धुमसून घेतला. आणि तार सरळ न नेता दोन्हीकडून वळवून मोरीच्या तोंडाशी आणली, नरसाळ्यासारखी. वरच्या साहेबानं विचारलं, "हा जास्तीचा गाळ कशाला काढला?" मी म्हटलं, "पाणी तुंबत होतं." तुंबत होतंच. त्यानंतर मी त्या सेक्शनवर होतो तोवर तिथली तार एकदाही तुटली नाही. माझ्या साऱ्या नोकरीत कुंपणाबद्दल मी शिकलो ते एवढंच : जनावराला आडवण घालायची असेल तर त्याच कामात त्याला वाट काढून द्यावी लागते. नुसती आडवण दर वर्षी नव्यानं घालावी लागते.

कायद्यालाही हे माहीत आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं सोळावं कलम पाहा. लाइनीमुळे ज्यांच्या जमिनीची वाट तुटते त्यांच्यासाठी क्रॉसिंग, मोरी, पूल अशा सोयी करून देणं हे रेल्वेचं काम आहे असं ते म्हणतं. मेख अशी, की लाइन वाहतुकीला खुली झाल्यापासून दहा वर्षांनंतर नवी जादा सोय करून देण्याचं बंधन रेल्वेवर राहत नाही. तुमच्या लाइनीला दीडशेच्या वर वर्षं झाली. पुढचं सतरावं कलम म्हणतं, सोय अपुरी वाटली तर मागा, पण खर्च मागणाऱ्याचा. म्हणून माझा सल्ला वेगळा आहे. विरार-डहाणू चौपदरीकरणासारखं काम आपल्या गावाशी येतं तेव्हा प्रत्येक मोरी लांबवावी लागते, पायापर्यंत खाली उतरावंच लागतं. ती वेळ गाठा. ग्रामपंचायतीचा ठराव करा. ठरावात "आमची गैरसोय होते" असं मोघम लिहू नका. किलोमीटरच्या खांबाचा नंबर लिहा, सकाळी किती जनावरं कोणत्या वेळी जातात, संध्याकाळी किती परततात ते लिहा, जुनी पाणंद गावनकाशावर असेल तर नकाशाची प्रत जोडा. कुंपण त्याच जागी पुन्हा पुन्हा तुटतं हेही लिहा. रेल्वेच्या माणसाला तेवढं एक वाक्य बरोबर कळतं.

प्रश्न : मी नाशिकचा निवृत्त शिक्षक. मुलीकडे अमेरिकेत कॅन्ससला गेलो होतो. तिथे एका गावाबाहेर रस्ता रेल्वेलाइन ओलांडतो त्या जागी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, रुळांच्या मधे आणि कडेला लाकडाच्या त्रिकोणी पट्ट्या बसवलेल्या दिसल्या, टोकं वर. जावई म्हणाले, "कॅटल गार्ड." पण आपल्याकडे इंजिनाच्या पुढच्या लोखंडी फाळालाच कॅटल गार्ड म्हणतात ना? आणि आपल्या फाटकांवर या पट्ट्या का नाहीत?

उत्तर : गुरुजी, दोन्ही बरोबर आहे. एकाच नावाच्या दोन वस्तू आहेत आणि आमच्या नव्या पोरांचाही यात गोंधळ होतो. इंजिनाच्या पुढे रुळालगत लोंबतो तो फाळ म्हणजे एक कॅटल गार्ड. पुस्तकातला 'काऊकॅचर' तो हाच. संगणकाचा आजोबा म्हणतात त्या चार्ल्स बॅबेजनंही इंग्लंडात रेल्वेच्या अगदी सुरुवातीला, इंजिनापुढे अडथळे बाजूला फेकणारं काहीतरी लावा असं सुचवलं होतं. त्यानं गाय वाचत नाही. गाय चाकाखाली जाऊ नये, बाजूला पडावी, म्हणजे गाडी वाचते. तुम्ही पाहिलात तो दुसरा कॅटल गार्ड. तो गाय वाचवतो.

त्याची गोष्ट अशी. लाइनीच्या दोन्ही बाजूंना तार घातली तरी जिथे रस्ता आडवा जातो तिथे तार तोडावीच लागते. फाटक रस्ता बंद करतं, पण रूळ कोण बंद करणार? गाडी जायला तिथे मोकळंच हवं. म्हणजे रस्त्यावरून आलेली गाय उजवीकडे किंवा डावीकडे वळली की थेट कुंपणाच्या आत. अमेरिकेत जिथे लाइनीला कुंपणं होती त्या राज्यांत हे भोक बुजवायला आधी खड्डे खणले. रुळांखाली आडवा खोल खड्डा, वर फक्त रूळ आणि त्यांना पेलणारी लाकडं. गाय खड्डा पाहून थांबायची. पण थांबली नाही तर पाय अडकून तिथेच बसायची, आणि रुळाखाली पोकळी असणं हे कुठल्याही रूळवाल्याला आवडणार नाही. एखादं चाक आधीच घसरलं असेल तर तो खड्डा गाडीला गिळतो. म्हणून पुढे खड्डे गेले आणि स्लीपरवरच, म्हणजे रुळांखालच्या आडव्या ओंडक्यांवरच, बसवायच्या धारेच्या पट्ट्या आल्या, लाकडाच्या, मग पोलादाच्या. तिथल्या रेल्वे कंपन्यांनी हे काही हौसेनं केलं नाही. मिसुरीत कायदाच असा होता, की कुंपण आणि कॅटल गार्ड नसल्यामुळे जनावर मेलं तर मालकाला दुप्पट भरपाई द्यायची. कंपनी त्याविरुद्ध थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि १८८५ मध्ये हरली. ते भांडण एका खेचरावरून होतं.

पट्ट्या काम का करतात याचं उत्तर गाईच्या डोळ्यांत आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे थेट पाठीमागचं सोडलं तर आजूबाजूचं बहुतेक सगळं तिला न वळता दिसतं. पण पायांपुढे जमीन किती खोल आहे हे पटकन कळत नाही. त्यासाठी ती थांबते आणि मान खाली घालते. उजेड-सावलीचे पट्टे दिसले की तिला खड्ड्याची शंका येते. अमेरिकेत काही ठिकाणी तर डांबरावर नुसते पांढरे पट्टे रंगवतात, खाली खड्डा नाही की गज नाही, आणि गुरं थबकतात. अर्थात सगळीच जनावरं इतकी सरळ नसतात. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या मार्सडन गावच्या मेंढ्यांनी २००४ मध्ये रस्त्यावरच्या अशा गजांवरून चक्क लोळत पलीकडे जायला सुरुवात केली आणि बातमीत आल्या. पलीकडे लोकांच्या बागा होत्या.

आपल्याकडे ही कल्पना तुम्ही रोज पाहता. कॉलेजच्या, मोठ्या वसाहतीच्या दारात जमिनीला समांतर पाइप टाकलेले असतात, गाडी गेली की खडखडतात, त्याला 'कॅटल ट्रॅप' म्हणतात. फाटकावरचा कॅटल गार्डही आम्हाला प्रशिक्षणात फळ्यावर काढून दाखवला होता, विनागेटमनच्या फाटकांसाठी म्हणून. प्रत्यक्षात मी आखीव-रेखीव असा फारसा पाहिला नाही, आणि असता तरी उपयोग किती होता? दोन्ही बाजूंना मैलोन् मैल कुंपणच नसेल तर फाटकाशी पट्ट्या बसवून काय करायचं? भिंत नसलेल्या घराला कडी लावण्यातला प्रकार. पुढे ब्रॉडगेजवरची विनागेटमनची फाटकंच ३१ जानेवारी २०१९ पर्यंत सगळी बंद झाली. आता गंमत अशी, की मुंबई-अहमदाबादसारखं सलग कुंपण आलं, म्हणजे भिंत आली. आता उरलेल्या फाटकांशी कडी लावायला खरंच अर्थ आहे. पण ते मी निवृत्त झाल्यावर सुचतंय.

प्रश्न : मी मनमाडला सातवीत शिकतो. गाडीपुढे म्हैस आली तर ड्रायव्हरकाका ब्रेक का मारत नाहीत? आणि एवढ्या मोठ्या गाडीला म्हशीनं काय होतं?

उत्तर : बाळ, मारतात. पण ताशी ११० किलोमीटरनं धावणारी गाडी एका सेकंदात तीस मीटर जाते, म्हणजे तू 'अरे म्हैस!' म्हणेपर्यंत तुमच्या शाळेचं मैदान संपलं. पूर्ण थांबायला तिला किलोमीटरच्या आसपास लागतं. पूर्वी आमच्याकडे पाचोरा-जामनेर ही छोट्या रुळांची 'पीजे' होती, छप्पन्न किलोमीटरची. वाफेच्या दिवसांत तिचा फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा, खाली उतरून गाय हाकायचा आणि पुन्हा चढायचा. त्या गाडीला कुंपणाची गरजच नव्हती. वेग वाढला की कुंपण लागतं.

म्हशीनं काय होतं? बहुतेक वेळा इंजिनाचा फाळ वाकतो, किंवा खालचा हवेचा पाइप तुटून ब्रेक आपोआप लागतात आणि गाडी उभी राहते. मागच्या चार गाड्या तिच्यामागे उभ्या. पण दर वेळी एवढ्यावर भागत नाही. रेल्वे बांधणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सनबद्दल एक गोष्ट सांगतात. १८२५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीनं त्याला विचारलं, "तुमच्या इंजिनापुढे गाय आली तर अवघड नाही का होणार?" तो म्हणाला, "होईल की. गाईला." सगळे हसले असणार. त्याच देशात, स्कॉटलंडमधल्या पोलमंटजवळ, ३० जुलै १९८४ ला एक गाय तुटक्या कुंपणातून रुळावर आली. त्या गाडीचं इंजिन मागून ढकलत होतं आणि पुढे हलका डबा होता. जनावर चाकाखाली गेलं, पुढचा डबा घसरला, तेरा प्रवासी गेले. त्यानंतर तिथे कुंपणाच्या आत मोठं जनावर दिसलं तर गाड्या थांबवतात. हे तुला घाबरवायला सांगत नाही. कुंपणाच्या तुटक्या तारेतून शॉर्टकट मारताना मनमाडची पोरं मी पाहिली आहेत. पुढच्या वेळी ती तार दिसली तर स्टेशनमास्तरांना सांग.

प्रश्न : भादव्यात माझी दुभती म्हैस गाडीखाली गेली. तिच्यावरच घर चालत होतं. कुणी म्हणतं रेल्वेकडे भरपाई माग, कुणी म्हणतं गप्प बस, नाहीतर तुझ्यावरच केस होईल. खरं काय? (एक भगिनी, पाचोरा तालुका)

उत्तर : ताई, वाईट वाटलं. खोटी आशा लावत नाही. रेल्वेनं मेलेल्या म्हशीचे पैसे दिले असं मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही. केसची भीतीही अगदी खोटी नाही. परवानगीवाचून रेल्वेहद्दीत जाणं हा १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२२ च्या त्या वटव्याच्या अपघातानंतर म्हशींच्या मालकांवर, ते कोण हे कळायच्या आधीच, गुन्हा नोंदवला होता. निष्काळजीपणानं प्रवाशांची सुरक्षा धोक्यात आणली असं ठरलं तर १५४ वं कलम आहे, एक वर्षापर्यंतचं.

मला यात एक गोष्ट खुपते ती लिहितो. इंग्रजांच्या १८९० च्या रेल्वे कायद्यात गुरांसाठी वेगळं कलम होतं, एकशे पंचविसावं. जनावरामागे पाच रुपयांपर्यंत दंड, आणि रेल्वेच्या नोकराला गुरं धरून कोंडवाड्यात घालायचा अधिकार. पण त्यात एक अट होती : लाइनीला गुरं अडतील असं कुंपण असेल तरच. आधी कुंपण, मग दंड. इंग्रज काही आपल्या गुराख्यांचा कैवारी नव्हता, तरी एवढं त्याला कळत होतं.

तुमच्या कामाचं आता. म्हशीचा विमा होता का? कानात बिल्ला होता का? असेल तर विमा कंपनीला ताबडतोब लेखी कळवा. पशुवैद्यकीय डॉक्टरांचा शवविच्छेदन दाखला आणि पंचनामा लागतो. बिल्ला नसेल तर विमेवाले दारात उभं करत नाहीत, हे कटू आहे पण खरं आहे. पुढचं जनावर घ्याल तेव्हा पहिला खर्च बिल्ल्याचा करा, दावं दुसरं. आणि एक, आमच्या गँगच्या माणसांकडे पाहून सांगतो. रात्री जनावर लाइनीवर गेलं हे कळलं तर लपवू नका, स्टेशनला किंवा फाटकावर सांगा. पुढची गाडी सावध करता येते. भीतीनं मालक गप्प बसतात आणि मग एकाऐवजी चार जातात.

भादव्यातच का गेली, असंही तुम्ही खाली विचारलंय. त्या दिवसांत सगळीकडे चिखल असतो आणि लाइनीचा भराव तेवढा कोरडा. म्हैस रात्री बसायला कोरडी जागा शोधते. शिवाय लाइनीच्या कडेचं गवत तेव्हा गुडघ्याएवढं आणि ते कुणाच्याच मालकीचं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात आमचे फोन जास्त वाजायचे ते यामुळे.

प्रश्न : आमच्या गावाला रेल्वेनं फाटक बंद करून भुयारी मोरी दिली. माणसं जातात, पण म्हशी आत पाऊल टाकत नाहीत. तोंडाशी येऊन वळतात आणि वर चढून लाइनीवरून जातात. काय करावं?

उत्तर : पाण्यामुळे वळतात असं समजू नका. पावसाळ्यात त्या मोऱ्यांत साचणाऱ्या पाण्याची तक्रार आपण करतो, म्हैस नाही. ती अंधाराला बुजते. उजेडातून काळोखात शिरायचं म्हटलं की तिच्या दृष्टीनं तो खड्डाच. वर नाशिकच्या गुरुजींना सांगितलं तेच डोळ्यांचं कारण. शिवाय वरून गाडी गेली की आत घुमतं.

मघाशी सांगितलेल्या माझ्या मोरीतही पहिल्या दिवशी एकही जनावर गेलं नाही. मी हताश झालो होतो. त्याच म्हाताऱ्या गुराख्यानं मार्ग काढला. काठी कुणी उगारायची नाही, हे पहिलं. गाडीची वेळ टाळायची. त्याला आमच्या गाड्यांच्या वेळा माझ्याहून चांगल्या पाठ होत्या. मोरीत कडबा पसरला, मातीचा ओळखीचा वास यावा म्हणून गोठ्यातलं खत टाकलं, आणि कळपातल्या सगळ्यात थोर म्हशीला, जिच्यामागे बाकीच्या चालतात, एकटीला दाव्यानं धरून आत-बाहेर, आत-बाहेर केलं. तीन दिवस. बाकीच्यांना नुसतं बघू दिलं. आणि मला म्हणाला, "सायेब, आतून चुना मारा, उजेड पडंल." मारला. चौथ्या दिवशी थोरली पुढे झाली आणि बाकीच्या तिच्या मागे गेल्या.

तुम्हीही चुन्यापासून सुरुवात करा. तो दर वर्षी मारावा लागतो, पुराच्या रेघा चढतात. आम्ही पोळ्याच्या आधी मारायचो. मोरीच्या आतून चुना हा खर्च आमच्या कुठल्याच हिशेबात बसेना, म्हणून गोणी मी बाजारातून आणायचो आणि ब्रश गुराख्याचा.